मानांकनाचे भाकीत आणि समितीचे मन

मार्च महिना निम्म्यावर आला की अमेरिकेत शाळेच्या मास्तरापासून राष्ट्राध्यक्षापर्यंत असंख्य माणसे महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचा कोष्टक-कागद समोर घेऊन बसतात आणि कोणता संघ कोणाला हरवील याची आपापली भाकिते त्यात भरून टाकतात. या कागदाला तिकडे ब्रॅकेट म्हणतात. मुख्य स्पर्धेतील ६३ सामन्यांचे निकाल प्रत्येकी दोन पर्यायांतून निवडावयाचे म्हटले, तर नवावर अठरा शून्ये मांडली तरी एकूण शक्यतांची संख्या पुरी होत नाही. आणि म्हणूनच बिनचूक कागद भरण्याच्या या वार्षिक हौसेला लोकांनी कधी गंभीर विद्येचे रूप दिले नाही. परंतु या कागदाच्या आधीचा एक कागद आहे, ज्याची चर्चा क्रीडाप्रेमी वर्तुळाबाहेर फारशी होत नाही. स्पर्धेत कोणते ६८ संघ येतील आणि त्यांपैकी कोणाला पहिले, कोणाला सातवे, कोणाला सोळावे मानांकन मिळेल, हे जाहीर होण्याच्या आधीच ताडण्याचा तो उद्योग होय. या उद्योगाला आता पंचवीस-तीस वर्षांची परंपरा, स्वतःचे पंडित, स्वतःची गणिते आणि स्वतःची भांडणेही लाभली आहेत, तेव्हा त्याचा सलग आढावा घेण्यास हरकत नसावी.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुढचे सारे विवेचन त्याच्यावर आधारलेले आहे. सामन्याचे भाकीत करणारा खेळाडूंचे बल जोखतो. मानांकनाचे भाकीत करणारा मात्र बंद खोलीत बसलेल्या मूठभर माणसांचे मत जोखतो. पहिल्याचा विषय बास्केटबॉल आहे, दुसऱ्याचा विषय निवाडा आहे. उच्च न्यायालयातला मुरलेला वकील जसा कायद्याच्या बरोबरीने त्या दिवशीच्या न्यायमूर्तींचे पूर्वीचे निवाडेही तपासून मग पक्षकाराला सल्ला देतो, तशी या दुसऱ्या भाकीतकाराची वृत्ती असावी लागते. आणि ज्याला खेळातले मर्म फार कळते त्याची येथे कधीकधी फसगतच होते, ही या क्षेत्रातली सर्वांत मनोरंजक गोष्ट आहे.

मानांकनाची ही प्रथा स्पर्धेच्या जन्मापासूनची नाही. १९३९ साली पहिली स्पर्धा झाली तेव्हा अवघे आठ संघ होते, आणि ओरेगॉनने ओहायो स्टेटला ४६-३३ असे नमवून विजेतेपद मिळवले. पुढे कितीतरी वर्षे संघांची वाटणी प्रामुख्याने भूगोलाप्रमाणे होई. पूर्वेकडचे पूर्वेत, पश्चिमेकडचे पश्चिमेत, आणि एका कॉन्फरन्समधून, म्हणजे महाविद्यालयांच्या एका संघटनेतून, एकच संघ, असा शिरस्ता होता. १९७५ मध्ये संघांची संख्या ३२ झाली आणि एका कॉन्फरन्समधून दुसऱ्या संघालाही वाट मोकळी झाली. १९७८ साली मर्यादित स्वरूपात आणि १९७९ साली सर्व ४० संघांना मानांकन देण्यात आले. त्याच १९७९ च्या अंतिम सामन्यात लॅरी बर्डच्या इंडियाना स्टेटला मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटने हरवले आणि साऱ्या देशाचे लक्ष या स्पर्धेकडे वळले. १९८५ मध्ये संघ ६४ झाले, चार विभाग आणि प्रत्येक विभागात १ ते १६ अशी मांडणी स्थिर झाली, आणि त्याच वर्षी आठव्या मानांकनाच्या व्हिलानोवाने जॉर्जटाउनला ६६-६४ असे हरवून मानांकन किती खाली जाऊनही विजेता निर्माण करू शकते याचा जो दाखला दिला, तो आजतागायत मोडला गेलेला नाही. २००१ मध्ये ६५ आणि २०११ पासून ६८ संघ झाले. यांतल्या आठ संघांना ओहायोतील डेटन येथे आधी आपापसांत लढावे लागते.

आता ज्यांच्या मनाचा ठाव घ्यावयाचा त्या समितीकडे वळू. पूर्वी दहा आणि अलीकडे बारा सदस्यांची ही समिती महाविद्यालयांचे क्रीडासंचालक आणि कॉन्फरन्सांचे आयुक्त यांची बनलेली असते. सदस्याची मुदत पाच वर्षांची असते, त्यामुळे दरवर्षी काही चेहरे जातात आणि काही नवे येतात. आपल्या संस्थेचा विषय निघाला की सदस्याने खोलीबाहेर जावे असा दंडक आहे. कॉन्फरन्स-स्पर्धा जिंकणाऱ्या संघांना थेट प्रवेश असतो, त्यामुळे समितीच्या हाती खरोखर उरतात त्या ३६-३७ जागा. प्रत्येक सदस्य प्रथम गुप्त मतपत्रिकेने निर्विवाद संघांची नावे देतो. ज्यांना जवळजवळ सर्वांची मते पडतात ते आत जातात. उरलेल्यांतून आठ संघ निवडायचे, त्यांना क्रम लावायचा, वरचे चार आत घ्यायचे, पुन्हा आठ करायचे, असे हे चक्र जागा संपेपर्यंत फिरत राहते. मग याच पद्धतीने १ ते ६८ अशी क्रमवार यादी केली जाते, आणि त्यानंतर तिची घासाघीस होते. तेथील मंडळींचा शब्दही 'स्क्रबिंग' असाच आहे. यादीत शेजारी आलेल्या दोन संघांच्या दप्तरांची पुन्हा समोरासमोर रुजवात घालायची आणि खालचा वरचढ वाटला तर मतदान करून त्याला वर सरकवायचे, असे हे काम रात्री उशिरापर्यंत चालते.

येथपर्यंत निवाडा गुणवत्तेचा झाला. पण यादी तयार झाली म्हणजे कोष्टक तयार झाले असे नव्हे, आणि कच्चे भाकीतकार नेमके येथेच घसरतात. एकाच कॉन्फरन्समधले पहिले चार संघ जर वरच्या चार ओळींत, म्हणजे पहिल्या चार मानांकनांत, असतील तर ते चार वेगवेगळ्या विभागांत टाकावे लागतात. कॉन्फरन्समधले दोन संघ हंगामात तीनदा एकमेकांशी खेळलेले असतील तर विभागीय अंतिम सामन्याच्या आधी त्यांची गाठ पडू द्यायची नाही, दोनदा खेळले असतील तर विभागीय उपान्त्य सामन्याच्या आधी नाही, असे नियम आहेत. वरच्या संघांना शक्य तो घराजवळचे ठिकाण द्यावयाचे असते. ब्रिगॅम यंग विद्यापीठ धार्मिक कारणास्तव रविवारी खेळत नाही, तेव्हा त्याला गुरुवार-शनिवारच्या गटातच बसवावे लागते. २००३ साली समितीच्या हातून ही बाब निसटली आणि तो संघ पुढे गेला असता तर रविवारच्या सामन्यापायी दोन विभागांत अदलाबदल करण्याची नामुष्की ओढवली असती. संघ लवकर हरला म्हणून समिती वाचली! या सर्व अटी पाळण्यासाठी एखाद्या संघाला त्याच्या वास्तविक ओळीपेक्षा एक ओळ वर किंवा खाली, आणि फारच अडचण आली तर दोन ओळी, सरकवण्याची मुभा समितीला असते. म्हणजे एखाद्याचे गुणवत्तेचे भाकीत अगदी अचूक असूनही जाहीर कोष्टकात त्याचा सातवा संघ आठव्या ओळीत दिसू शकतो. २०२५ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे तब्बल १४ संघ एकाच स्पर्धेत आले, तेव्हा त्यांना एकमेकांपासून दूर ठेवण्याची कसरत किती अवघड झाली असेल याची कल्पनाच केलेली बरी.

समिती निवाडा देते तो कोणत्या पुराव्यावर, हा पुढचा प्रश्न. आणि या पुराव्याच्या स्वरूपाचा इतिहास म्हणजेच बव्हंशी भाकीतविद्येचा इतिहास होय. १९८१ पासून जवळजवळ चार दशके या दरबारात आरपीआय नावाच्या निर्देशांकाचे राज्य होते. त्याचे सूत्र शाळकरी मुलालाही सोडवता येईल इतके सोपे होते: संघाच्या स्वतःच्या विजयांच्या प्रमाणाला २५ टक्के वजन, त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या प्रमाणाला ५० टक्के, आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना उरलेले २५ टक्के. सामना एका गुणाने जिंकला की चाळीस गुणांनी, याची या सूत्राला काहीच पर्वा नव्हती. उलट अगदी दुबळ्या संघाला हरवले तर विजय मिळूनही निर्देशांक घसरावा, अशी विपरीत स्थितीही उद्भवे. २००४-०५ च्या हंगामापासून परक्या मैदानावरच्या विजयाला १.४ आणि घरच्या विजयाला ०.६ असे वजन देऊन थोडी डागडुजी झाली, पण मूळचा दोष राहिलाच. शिवाय जे सूत्र सर्वांना ठाऊक असते त्याच्या भोवती हिशेबी लोक लवकरच वेळापत्रके रचू लागतात: अगदी तळाचे संघ टाळायचे, मधल्या फळीतले विजयी संघ शोधून बोलवायचे, आणि बेरीज वाढवायची. २००६ मध्ये मिसूरी व्हॅली या मध्यम कॉन्फरन्सचे चार संघ स्पर्धेत आले तेव्हा अशी कुजबूज झालीच. पण त्याच वर्षी त्याच कॉन्फरन्समधल्या मिसूरी स्टेटला आरपीआयमध्ये २१ वा क्रम असतानाही समितीने बाहेर ठेवले. ज्या भाकीतकारांनी निर्देशांकाचा क्रम हाच समितीचा क्रम असे गृहीत धरले होते त्यांना मिळालेला तो उत्तम धडा होता. निर्देशांक हे समितीच्या हातातले साधन होते. समिती त्याला बांधील नव्हती.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये आरपीआय निवृत्त झाला आणि 'नेट' या नव्या मापनाने त्याची जागा घेतली. प्रथम त्यात पाच घटक होते, त्यांपैकी गुणफरकाला दहाची मर्यादा घातलेली होती. २०२० मध्ये ते दोनच उरले. एक, कोणाला कोठे हरवले याचे मूल्य. दुसरा, चेंडू ताब्यात आल्याच्या दर शंभर वेळांमागे संघ किती गुण मिळवतो आणि किती देतो यांतील फरक, प्रतिस्पर्ध्याचे बल आणि सामन्याचे ठिकाण लक्षात घेऊन दुरुस्त केलेला. पण 'नेट'चा खरा उपयोग समिती संघांना सरळ क्रम लावण्यासाठी करीतच नाही, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला चटकन पटत नाही. त्याचा उपयोग प्रतिस्पर्ध्यांना कप्प्यांत घालण्यासाठी होतो.

हे प्रत्यक्ष समजून घेण्यासाठी समितीपुढे असलेल्या संघपत्रकाकडेच पाहावे. प्रत्येक संघासाठी एक पान. पानावर चार कप्पे. पहिल्या कप्प्यात घरच्या मैदानावर 'नेट'मधील १ ते ३० क्रमांकांच्या, तटस्थ मैदानावर १ ते ५० च्या आणि परक्या मैदानावर १ ते ७५ च्या संघांशी झालेले सामने. दुसऱ्यात घरी ३१ ते ७५, तटस्थ ५१ ते १००, परक्याकडे ७६ ते १३५. तिसऱ्यात घरी १६० पर्यंत, परक्याकडे २४० पर्यंत. आणि उरलेला गाळ चौथ्यात. पहिल्या कप्प्यातला विजय म्हणजे भूषण, चौथ्यातला पराभव म्हणजे कलंक. या मांडणीचा एक चमत्कारिक परिणाम असा की डिसेंबरात ७४ व्या क्रमांकाच्या संघाला त्याच्या घरी जाऊन हरवले आणि तो संघ मार्चपर्यंत ७६ वर घसरला, तर विजेत्याने काहीही न करता त्याच्या पत्रकातला एक विजय पहिल्या कप्प्यातून दुसऱ्यात जाऊन पडतो. भाकीतकार शेवटच्या आठवड्यात आपल्या संघाच्या सामन्यांपेक्षा तिऱ्हाइतांच्या सामन्यांकडे डोळे लावून का बसतात, याचे कारण हे. कप्प्यांखेरीज पत्रकाच्या वरच्या भागात आणखी काही मापने दिलेली असतात. त्यांपैकी काही संघाने जे मिळवले त्याची, म्हणजे निकालांची, किंमत करतात, तर काही तो पुढे कसा खेळेल याचा अंदाज देतात. २०२४-२५ पासून यांत 'विन्स अबव्ह बबल' नावाच्या मापनाची भर पडली: काठावरच्या एखाद्या सामान्य संघाने याच वेळापत्रकात किती सामने जिंकले असते, आणि या संघाने त्यापेक्षा किती अधिक जिंकले, हा त्याचा सरळ प्रश्न. मला विचाराल तर या साऱ्या गर्दीत हेच मापन सर्वांत प्रामाणिक वाटते.

निकालांची किंमत आणि बलाचा अंदाज यांतली ही दरी किती खोल असू शकते हे २०१७ च्या विचिटा स्टेटच्या प्रकरणावरून दिसून येते. केन पॉमरॉय हे मूळचे हवामानशास्त्रज्ञ. त्यांनी शंभर ताब्यांमागील गुणांवर आधारलेली जी क्रमवारी उभी केली ती आज संघांच्या बलाचे सर्वांत भरवशाचे माप म्हणून सर्वत्र मान्य आहे. त्या क्रमवारीत विचिटा स्टेट आठव्या स्थानावर होता. तेव्हा बलाप्रमाणे त्याला दुसरे मानांकन मिळावयास हवे होते. संघाने हंगामात ३० सामने जिंकून केवळ चार गमावले होते. पण मिसूरी व्हॅलीत राहून बड्या संघांशी गाठ पडण्याचे प्रसंग त्याच्या वाट्याला फारसे येत नव्हते, आणि ज्या विजयांवर समितीची नजर ठरते ते विजय त्याच्या पत्रकात शोधावे लागत. समितीने त्याला दहावे मानांकन दिले. दहाव्याला पहिल्या फेरीत सातवा भेटतो आणि दुसऱ्या फेरीत दुसरा. त्यामुळे शिक्षा एकट्या विचिटालाच झाली असे नाही, तर डेटन विद्यापीठाला सातव्या मानांकनाचा मान मिळूनही पहिल्याच सामन्यात हा तगडा प्रतिस्पर्धी भेटला, आणि त्याला हरवून आलेल्या विचिटाला दुसऱ्या मानांकनाच्या केंटकीशी लढताना केवळ तीन गुणांनी हार पत्करावी लागली. पॉमरॉयच्या क्रमवारीवर विसंबून त्या वर्षी विचिटाला वर लिहिणाऱ्याने संघाचे बल बरोबर ओळखले होते, आणि तरीही मानांकनाच्या परीक्षेत तो नापास झाला.

या परीक्षेला पहिल्यांदा बसले कोण, हेही सांगण्यासारखे आहे. आरपीआय बराच काळ एनसीएएच्या, म्हणजे ही स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेच्या, दफ्तरात कुलूपबंद होता. जेरी पाम यांनी १९९० च्या दशकात त्याचे आकडे स्वतः काढून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा बाहेरच्या जगाला प्रथमच समितीच्या डोळ्यांनी संघांकडे पाहता आले. फिलाडेल्फियातील सेंट जोसेफ्स विद्यापीठाशी संबंधित असलेले जो लुनार्डी बास्केटबॉलचे एक वार्षिक संपादित करीत, आणि स्पर्धेचे कोष्टक जाहीर झाल्याबरोबर त्यांना सर्व संघांची माहिती देणारा विशेष अंक छापून काढावा लागे. आयत्या वेळी धावपळ होऊ नये म्हणून कोणते संघ येतील याचा अंदाज बांधून मजकूर आधीच तयार ठेवण्याची त्यांनी सोय केली; छापखान्याच्या निकडीतून निघालेली ही युक्ती पुढे 'ब्रॅकेटॉलॉजी' या भारदस्त नावाने विख्यात झाली आणि लुनार्डी दूरचित्रवाणीवरचे तिचे अधिकृत भाष्यकार ठरले. त्याच सुमारास विद्यापीठांतल्या संख्याशास्त्रज्ञांचेही या प्रश्नाकडे लक्ष गेले. जे कोलमन आणि ॲलन लिंच यांनी मागील वर्षांच्या निवडी समोर ठेवून, कोणत्या आकड्याला समिती प्रत्यक्षात किती वजन देते हे उलट दिशेने हुडकून काढले आणि २००१ मध्ये आपले सूत्र प्रसिद्ध केले. समिती काय म्हणते हे ऐकण्यापेक्षा ती काय करते ते मोजा, असा त्यांचा पवित्रा होता, आणि माझ्या मते या विद्येतला शास्त्रीय म्हणण्याजोगा भाग येथूनच सुरू होतो. याच मार्गाने जाऊन त्यांनी डुमाँड या सहकाऱ्यासह २०१० मध्ये असेही दाखवले की बड्या कॉन्फरन्सांना आणि समितीवर प्रतिनिधी असलेल्या कॉन्फरन्सांना थोडे झुकते माप मिळत होते. आपला विषय निघाल्यावर सदस्य खोलीबाहेर जातो हे खरे. पण परत येऊन तो ज्यांच्या शेजारी बसतो ती माणसे तीच असतात.

पुढे समितीनेही आपले दार थोडे किलकिले केले. २००७ पासून पत्रकारांना बोलावून निवडीची रंगीत तालीम करवली जाऊ लागली. २०१२ पासून १ ते ६८ ही पूर्ण यादी प्रसिद्ध होऊ लागली, त्यामुळे कोष्टकातल्या हलवाहलवीपूर्वी संघ कोठे होता हे कळू लागले. आणि २०१७ पासून फेब्रुवारीतच वरच्या सोळा संघांचा कच्चा मसुदा जाहीर होऊ लागला. त्या पहिल्या मसुद्यात व्हिलानोवा, कॅन्सस, बेलर आणि गॉन्झागा हे चार अग्रमानांकित होते. मार्चात बेलर तिसऱ्या ओळीवर उतरला आणि त्याच्या जागी नॉर्थ कॅरोलिना आला. चारांतले तीन महिनाभर आधी कळले, यावरून वरच्या ओळींचे भाकीत किती सोपे झाले आहे ते दिसते. तळाच्या ओळीही तशाच सोप्या, कारण तेथे छोट्या कॉन्फरन्सांचे विजेते असतात आणि त्यांच्या क्रमाविषयी फारसा वाद होत नाही. खरी कसोटी लागते ती सातव्यापासून अकराव्या ओळीपर्यंत, जेथे वीस-बावीस संघांची पत्रके एकमेकांसारखीच दिसतात. एकूण संघांपैकी एखाद-दुसरा वगळता सारे बरोबर ओळखणे आता कसलेल्या भाकीतकाराला विशेष वाटत नाही; पण ओळींचा हिशेब मांडला तर त्याचीही बरीच नावे एका घराने इकडेतिकडे सापडतात. शंभरावर भाकीतकारांच्या याद्या एकत्र करून त्यांची सरासरी काढण्याचीही पद्धत पडली आहे, आणि ती सरासरी बहुतेक एकेकट्या पंडितांवर मात करते, हे त्या पंडितांना फारसे रुचत नाही.

मग उरलेली चूक कशातून येते? पहिले कारण दुखापतीचे. २००० साली सिनसिनाटी देशात अव्वल क्रमांकावर असताना कॉन्फरन्स-स्पर्धेत त्यांचा प्रमुख खेळाडू केन्यन मार्टिन याचा पाय मोडला. समितीने संघाला पहिल्या ओळीवरून दुसरीवर आणले, आणि दुसऱ्याच फेरीत तो गारद झाला. कोणताही निर्देशांक मोडलेला पाय मोजीत नाही. समिती तो मोजते, पण किती मोजील याचे प्रमाण कोणापाशी नाही. दुसरे कारण शेवटच्या दोन-तीन दिवसांचे. वर्तमानपत्रांना आणि चाहत्यांना कॉन्फरन्स-स्पर्धेतले ताजे पराक्रम फार मोठे वाटतात. समितीचे काम मात्र तोपर्यंत बरेच पुढे गेलेले असते, रविवारी दुपारचा अंतिम सामना संपून संध्याकाळी कोष्टक जाहीर होईपर्यंत काही तासच उरतात, आणि चार महिन्यांच्या पत्रकापुढे चार दिवसांचे कर्तृत्व तुलनेने हलके पडते. २०२२ मध्ये टेक्सस ए अँड एमने ऑबर्न आणि आर्कान्सा या दोन बलाढ्य संघांना हरवून कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत धडक मारली, तरी त्याला स्पर्धेत घेतले गेले नाही. प्रशिक्षक बझ विल्यम्स यांनी त्यावर पत्रकारांसमोर लांबलचक लेखी कैफियतच वाचून दाखवली. अनुभवी भाकीतकार अशा वेळी शनिवारच्या उत्साहाला आवर घालतो.

एवढा आटापिटा करून ताडलेल्या मानांकनाला काही अर्थ असतो काय, असे कोणी विचारील. टोकांना नक्कीच असतो. १९८५ पासून २०२५ पर्यंत पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या आणि सोळाव्यांचे १६० सामने झाले, त्यांत सोळाव्यांनी दोनच जिंकले: २०१८ मध्ये यूएमबीसीने व्हर्जिनियाला ७४-५४ असे आणि २०२३ मध्ये फेअरले डिकिन्सनने पर्ड्यूला ६३-५८ असे हरवले. महिलांच्या स्पर्धेत हा चमत्कार त्याच्या कितीतरी आधी, १९९८ साली, हार्वर्डने स्टॅनफर्डवर घडवला होता, याची आठवण पुरुषांच्या सामन्यांवर लिहिणाऱ्यांना क्वचितच होते. मध्यभागी मात्र अर्थ उलटाही होतो. आठव्या-नवव्याला दुसऱ्याच फेरीत पहिल्याशी झुंजावे लागते, दहाव्या-अकराव्याला नाही. म्हणून अनेक प्रशिक्षक खाजगीत दहावे मानांकन आठव्यापेक्षा पसंत करतात, आणि शेवटच्या सोळांत पोचण्याच्या बाबतीत आकडेही त्यांच्याच बाजूने बोलतात. उलट आठवा फारच बळकट निघाला तर भुर्दंड पहिल्याला पडतो: २०१४ मध्ये ३४ सामने अपराजित राहून आलेला विचिटा स्टेट आठव्या केंटकीकडून दोन गुणांनी हरला, आणि तो केंटकी पुढे अंतिम सामन्यात सातव्या मानांकनाच्या कनेक्टिकटशी भिडला. महिलांच्या स्पर्धेत आणखी एक निराळी रेघ आहे. तेथे वरच्या सोळा संघांना पहिल्या दोन फेऱ्या आपल्याच मैदानावर, आपल्याच प्रेक्षकांपुढे खेळता येतात. त्यामुळे चौथ्या आणि पाचव्या ओळीतले अंतर हे कागदावर एकाचे असले तरी व्यवहारात फार मोठे ठरते, आणि महिलांच्या कोष्टकाचा भाकीतकार आपली निम्मी शक्ती त्या एका रेघेवर खर्च करतो ते योग्यच होय.

भाकीत आणि निवाडा यांचा एकमेकांवर परिणाम होतो तो मात्र चिंतेचा विषय आहे. समितीचे सदस्य दूरचित्रवाणी पाहतात, वर्तमानपत्रे वाचतात. महिनाभर जो संघ 'आत' म्हणून दाखवला जातो त्याला बाहेर ठेवताना त्यांना अधिक सबळ कारण शोधावे लागत असणार. तिकडे प्रशिक्षकांना नव्या मापनाच्या खाचाखोचा आरपीआयइतक्याच लवकर कळल्या आहेत. दुबळ्या पाहुण्याला बोलावून त्याच्यावर शेवटच्या मिनिटापर्यंत गुणांचा वर्षाव करीत राहिले की ताब्यामागील सरासरी फुगते, ही तक्रार आता उघडपणे होते. दुसऱ्या बाजूने, २०२४ मध्ये इंडियाना स्टेट 'नेट'च्या पहिल्या तिसांत असूनही बाहेर राहिला, तेव्हा मिसूरी स्टेटची अठरा वर्षांपूर्वीची कहाणीच नव्या निर्देशांकाखाली घडली.

आणि मग २०२५. नॉर्थ कॅरोलिनाचे पहिल्या कप्प्यातले सामने तेरा, त्यांतला विजय एक. बहुतेक भाकीतकारांनी त्याला वगळून वेस्ट व्हर्जिनियाला आत धरले होते. पहिल्या कप्प्यात सहा विजय मिळवणाऱ्या या संघाविषयी कोणाला शंकाही नव्हती. समितीने नॉर्थ कॅरोलिनाला शेवटच्या चार निवडींत घेतले आणि वेस्ट व्हर्जिनियाला वगळले. योगायोग असा की नॉर्थ कॅरोलिनाचे क्रीडासंचालक बबा कनिंगहॅम हेच समितीचे अध्यक्ष होते; त्यांच्या संघाची चर्चा चालू असता ते बाहेर होते, आणि निर्णयाचे समर्थन उपाध्यक्षांनी केले. वेस्ट व्हर्जिनियाच्या राज्यपालांनी पत्रकार परिषद बोलावून चौकशीची भाषा काढली. वशिल्याचा आरोप सिद्ध झाला असे मी म्हणणार नाही. पण शंभर पंडित एकाच जागी एकाच वेळी चुकतात तेव्हा त्यांच्या सरासरीचेही दौर्बल्य उघडे पडते, कारण ते सारे एकच पत्रक एकाच रीतीने वाचीत असतात आणि खोलीतल्या एखाद्या सदस्याने दुसराच रकाना महत्त्वाचा मानला तर त्याची चाहूल त्यांच्यापैकी कोणालाच लागत नाही. नॉर्थ कॅरोलिनाने डेटन येथे सॅन डिएगो स्टेटचा ९५-६८ असा धुव्वा उडवला, आणि निवड योग्यच होती असे समितीचे पाठीराखे दुसऱ्या दिवशी म्हणू लागले. भाकीतकारांच्या गुणपत्रिकेत मात्र त्या विजयाने काहीच फरक पडला नाही. तेथे निकाल रविवारी संध्याकाळीच लागला होता.